तळटीप १२ : डोंगरावर आदळलेले विमान

सिल्वासातल्या आठवणींत लेखकाने ‘जुन्नरकडच्या डोंगरात पडलेले मालवाहू विमान’ म्हटले आहे, ते बहुधा अलितालियाचे डीसी-८ असावे. ते मालवाहू नव्हते. सिडनीहून निघालेले हे प्रवासी विमान बँकॉकहून मुंबईला येताना जुन्नर परिसरात दवंड्याच्या डोंगरावर आदळले. ही जागा मुंबईच्या ईशान्येला सुमारे ८४ कि.मी., तर सिल्वासापासून सरळ रेषेत अंदाजे दीडशे कि.मी. आहे. विमानातले सर्व ९४ जण दगावले. काही नोंदींत ६ जुलै १९६२, तर काहींत ७ जुलै ही तारीख दिसते. अपघात मध्यरात्रीनंतर झाला, तेव्हा ग्रिनिच वेळेनुसार ६ जुलैची संध्याकाळ होती. सिल्वासा ज्यात येते, तो दादरा-नगर हवेलीचा भाग केंद्रशासित प्रदेश होऊन तेव्हा वर्षही झाले नव्हते.

चौकशीचा निष्कर्ष असा : मार्गनिर्धारणात चूक झाली. आपण मुंबईच्या प्रत्यक्षापेक्षा जवळ आहोत, असे वैमानिकाला वाटले आणि अंधारात विमान वेळेआधीच खाली उतरू लागले. उपलब्ध दिशादर्शक साधने न वापरणे, किमान सुरक्षित उंची न पाळणे आणि मार्गावरच्या भूप्रदेशाची ओळख नसणे, ही पूरक कारणे ठरली. विमान पूर्णपणे वैमानिकाच्या ताब्यात असतानाही असा अपघात होतो. जमीन जवळ आल्याचा इशारा देणारे यंत्र १९७०च्या दशकात सक्तीचे होऊ लागल्यावर असे अपघात घटले. मालवाहू विमानांनाही धोका तोच असतो. — संपादक