सुबाभूळ, शेळी आणि पोटातले जिवाणू

मार्च लागला की आमच्या तळेघरात गवत वाळतं आणि बांधावरच्या सुबाभळीवर कोयता चालतो. एका उन्हाळ्यात मी शेळ्यांना नुसता तोच पाला टाकला. केस गळायला लागले, शेळ्या खाईनात. "जातच हलकी" म्हणून दोन विकून टाकल्या. दोष जातीचा नव्हता, हे फार उशिरा कळलं.

या पाल्याचा इतिहास आपल्याच जिल्ह्यातला आहे. १९४६ साली गांधीजींनी उरुळीकांचनला निसर्गोपचार केंद्र सुरू केलं. ते सांभाळायला मणिभाई देसाई तिथे राहिले, ते कायमचेच. १९६७ मध्ये त्यांनी 'बाएफ' संस्था काढली. गोठवलेल्या रेतमात्रांनी संकरित गाई घडवल्या, म्हणजे जात सुधारली. पण जास्त दुधाच्या गाईला चाराही तसाच लागतो. म्हणून सत्तरच्या दशकात बाएफने हवाई बेटांकडची उंच वाढणारी सुबाभूळ शेतकऱ्यांपर्यंत नेली. तिच्या वाळल्या पाल्यात २० ते २५ टक्के प्रथिनं असतात.

पण त्यात मिमोसिन नावाचं विषही असतं. त्यानं केस गळतात. कोठीपोटात ते फुटून 'डीएचपी' तयार होतं. त्यानं गलगंड होतो, भूक मरते, वजन वाढत नाही.

ऑस्ट्रेलियात गुरं अशी खंगत होती, आणि हवाईतल्या शेळ्या तोच पाला खाऊन ठणठणीत. रेमंड जोन्स या शास्त्रज्ञाला शंका आली की फरक पोटातल्या जिवाणूंचा असावा. १९८० च्या दशकात हवाईतल्या शेळ्यांच्या कोठीपोटातले जिवाणू ऑस्ट्रेलियातल्या जनावरांना पाजले. जात तीच, पाला तोच, पण आता तो पचू लागला. कळपात एकाकडून दुसऱ्याकडे जिवाणू आपोआप पसरले. १९९२ मध्ये त्या जिवाणूला जोन्सचंच नाव मिळालं: सिनर्जिस्टिस जोन्साय.

म्हणजे जात ठरवते जनावर किती देऊ शकेल. खाल्लेल्यातलं अंगी किती लागेल, यात पोटातल्या जिवाणूंचाही वाटा असतो.

आता मी सुबाभूळ थोडी थोडी वाढवत नेतो, एकूण चाऱ्याच्या तिसऱ्या हिश्श्याच्या आतच ठेवतो, बाकी पेंढा आणि गवत. कोंबड्या-बदकांना कोठीपोटच नाही, त्यामुळे त्यांच्या खाद्यात हा पाला पाच टक्क्यांवर जाऊ देऊ नका.

जनावर खंगलं तर बाजार दाखवण्याआधी गव्हाणीत काय टाकलंय ते बघा. माझ्या दोन शेळ्या तेवढ्यानं वाचल्या असत्या.