सायकलसफरीचे सामान

सायकलसफरीचे सामान : अनेक दिवसांच्या सायकलप्रवासात स्वार स्वतःच्याच सायकलवरून नेतो ते कपडे, हत्यारे, सुटे भाग, पाणी, खाणे व मुक्कामाचे साहित्य, तसेच ते सायकलवर बांधण्याची पद्धत. मागे मदतीची गाडी असलेल्या शर्यती व मोहिमा यात येत नाहीत. सामानाची निवड ऋतू, रस्ता आणि मुख्यतः वाटेत काय मिळते यावर ठरते.

पूर्वपीठिका : मुंबईतील आदी हकीम, जाल बापासोला व रुस्तम भुमगरा हे तरुण १५ ऑक्टोबर १९२३ रोजी तीन साथीदारांसह सायकलवरून जगप्रवासास निघाले आणि १९२८ च्या मार्चमध्ये परतले. साथीदार वाटेत गळाले. पहिल्या तिघांनी फेरी पूर्ण केली. पुण्याच्या वेदांगी कुलकर्णी यांनी २०१८ मध्ये सुमारे २९,००० किमीची जगफेरी १५९ दिवसांत केली. ‘ब्रेव्हे’ या ठरावीक वेळेतील लांब पल्ल्याच्या उपक्रमात २०० किमीसाठी साडेतेरा तास मिळतात. तेथे स्वाराने स्वावलंबी असावे लागते आणि रात्री पुढे-मागे दिवा व चकाकणारे जाकीट लागते.

पिशव्या व बांधणी : मागील कॅरिअरच्या दोन्ही बाजूंस अडकवायच्या पिशव्यांना पॅनिअर म्हणतात. हा शब्द पावाच्या टोपलीसाठी असलेल्या लॅटिन शब्दापासून आला आहे. गावोगावचा दूधवाला सायकलच्या दोन्ही अंगांना किटल्या टांगतो, त्यामागचे तत्त्व हेच : वजन खाली आणि दोन्हीकडे सारखे. जड वस्तू पिशवीच्या तळाशी व चौकटीच्या जवळ ठेवतात. पिशवी फार पुढे आली, तर पायडल मारताना टाच तिला लागते. सगळा भार मागे गेला, की चढावर पुढचे चाक हलके पडून हँडल डगमगते. म्हणून लांबच्या सफरीत काही वजन पुढच्या चाकावर देतात. कॅरिअर नसलेल्या सायकलवर चौकट, सीट व हँडल यांना लांबट पिशव्या आवळतात. त्यांत कमी मावते, पण कच्च्या रस्त्यावर त्या कमी हेलकावतात. बांधणीला जुन्या ट्यूबच्या कापलेल्या पट्ट्या दोरीपेक्षा उपयोगी, कारण त्या ताणून बसतात. पट्टीचे लोंबते टोक मात्र आऱ्यांत जाऊ देऊ नये. कॅरिअरचे स्क्रू हादऱ्यांनी सैल होतात. ते रोज सकाळी तपासावे लागतात.

हत्यारे व सुटे भाग : टायर लीव्हर, पंप, पॅच व सोल्यूशन, षटकोनी चाव्या, साखळी जोडण्याचे हत्यार, तेल, ब्रेकचे गुटके व दोन ट्यूब हा किमान संच होय. भारामुळे मागच्या चाकाचे, विशेषतः साखळीकडचे, आरे तुटतात. त्यामुळे नेमक्या लांबीचे तीन-चार आरे चौकटीला चिकटवून नेतात. साध्या काळ्या सायकलच्या ट्यूबला वुड्स वॉल्व्ह असतो. श्रेडर वॉल्व्ह मोटारसायकलसारखाच असल्याने त्यात कोणत्याही पंक्चरच्या दुकानात हवा भरता येते. बारीक प्रेस्टा वॉल्व्हला मात्र पितळी जोडतुकडा जवळ हवा.

कुरुंदा परिसरातील सफर : वाटेत काय मिळते यावर सामान कसे ठरते, याचे उदाहरण म्हणून हा परिसर पाहता येतो. कुरुंदा (ता. वसमत, जि. हिंगोली) हे विचारवंत नरहर कुरुंदकर यांचे मूळ गाव. येथून औंढा नागनाथ, नांदेड व संत नामदेवांचे नर्सी ही ठिकाणे एकेका दिवसाच्या टप्प्यात येतात. वाटेवरच्या गावांत चहा व जेवणाची सोय होते, तीर्थस्थळी मुक्कामाला धर्मशाळा किंवा भक्तनिवास असतो. त्यामुळे तंबू, चूल व भांडी वगळता येतात. गावातील दुकानात पॅच, सोल्यूशन व साध्या सायकलचे भाग मिळतात; गिअरच्या सायकलची ट्यूब, तिचे आरे व ब्रेकचे गुटके घरूनच न्यावे लागतात. मोठा बिघाड झाल्यास वसमतला पूर्णा–अकोला लोहमार्गावरील स्थानक आहे.

मुख्य अडचण काट्यांची. सराटा व बाभळीचे काटे टायरमध्ये रुतून राहतात. नवी ट्यूब घालण्याआधी टायरची आतली बाजू फडक्याने पुसत काटा शोधला नाही, तर लगेच दुसरे पंक्चर होते. पावसाळ्यात काळी माती टायर व मडगार्डमध्ये भरून चाक अडते. ती खरवडायला लाकडी पट्टी पुरते. मात्र शेतरस्ते टाळून डांबरी रस्त्याने जाणे बरे. कपडे व कागदपत्रे प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधून मग पॅनिअरमध्ये ठेवतात. उन्हाळ्यात पारा चाळिशी ओलांडतो. तेव्हा पाणी हेच सर्वांत जड सामान ठरते, कारण दर लिटरमागे एक किलो वाढतो. पहाटे निघून दुपारी थांबल्यास ते कमी लागते. डिसेंबर-जानेवारीत पहाटेच्या गारठ्यासाठी जाकीट व कानटोपी घेतात.

पूर्वचाचणी : निघण्यापूर्वी पूर्ण भार लादून २०-३० किमीची फेरी मारतात. पिशवीचा हेलकावा, घासणारी पट्टी, कमी पडणारा ब्रेक त्यातच कळतो. परतल्यावर न वापरलेल्या वस्तूंची यादी करतात. हत्यारे व औषधे सोडून या यादीतील बहुतेक वस्तू पुढच्या सफरीत घरी राहतात.