कलम सर्वांचे, ठिपका ज्याचा त्याचा

संगणकावरच्या खेळांत दिसणारी झाडे, घरे, विहिरी, चालणारी माणसे ही चित्रे चौकोनी ठिपका-ठिपका जोडून काढायची आणि कुणीही आपल्या खेळात वापरावीत म्हणून मोकळी सोडायची, ही रीत आता चांगली रुळली आहे. ‘ओपनगेमआर्ट’ हे अशा चित्रांचे मोठे भांडार २००९ साली सुरू झाले. २०१२ मध्ये त्याच्या सहभागाने ‘लिबरेटेड पिक्सेल कप’ ही स्पर्धा झाली. तिच्यात आधी एक ठरावीक पद्धत आखून दिली गेली: जमिनीचा तुकडा ३२ बाय ३२ ठिपक्यांचा, जमीन अमुक कोनातून दिसावी, उजेड अमुक बाजूने यावा. मग अनेकांनी त्या पद्धतीत आपापली चित्रे काढली. ती फुकट होती, पण अट होती की काढणाऱ्याचे नाव सोबत राहिले पाहिजे, आणि त्यात भर घालणाऱ्याने आपली भरही तशीच मोकळी ठेवली पाहिजे. अनेकांना ही अट जाचक वाटते. फुकट दिले तर मग नाव कशाला, असे ते विचारतात. या प्रश्नाचा निकाल लावायला एक चांगला पुरावा भोपाळमध्ये आहे आणि तो संगणकाच्या पडद्यावरचा नाही. गेल्या चार दशकांत या शहरात जनगढ कलम नावाची चित्रपद्धत उभी राहिली. ती वाढली याचे कारण तिच्यातला सामाईक भाग कुणी अडवून धरला नाही, आणि त्याचबरोबर प्रत्येकाच्या हाताची खूण प्रत्येकाच्याच नावावर राहिली. या दोन गोष्टी एकमेकींना मारक नाहीत, उलट दुसरीशिवाय पहिली टिकत नाही, असे या इतिहासावरून म्हणता येते.

भोपाळच्या बड्या तलावाकाठी चार्ल्स कोरिया यांनी रचलेल्या भारत भवनाचे उद्घाटन १३ फेब्रुवारी १९८२ रोजी झाले. तिथल्या ‘रूपंकर’ या कलासंग्रहालयाची जबाबदारी चित्रकार जगदीश स्वामीनाथन यांच्याकडे होती. आदिवासी आणि लोककलावंतांना जुन्या काळाचे अवशेष न मानता शहरी चित्रकारांचे समकालीन मानावे, दोघांची कामे एकाच छपराखाली लागावीत, असा त्यांचा आग्रह होता. त्यासाठी १९८१ मध्ये त्यांनी तरुण कलाविद्यार्थ्यांच्या तुकड्या मध्य प्रदेशच्या गावोगाव पाठवल्या. त्यातली एक तुकडी त्या वेळच्या मंडला जिल्ह्यातल्या पाटनगढला पोहोचली (आता हे गाव दिंडोरी जिल्ह्यात येते). तिथे एका घराच्या भिंतीवरचे चित्र त्यांच्या नजरेत भरले. ते काढणारा, गोंडांमधल्या परधान समाजातला, विशीच्या आसपासचा तरुण म्हणजे जनगढसिंह श्याम. स्वामीनाथन यांनी त्यांना भोपाळला आणले, भारत भवनाच्या छापचित्र विभागात काम दिले, आणि मातीच्या रंगांना सरावलेल्या हातात कागद, शाई, कॅनव्हास आले. १९८९ मध्ये पॅरिसच्या पाँपिदू केंद्रातल्या ‘मॅजिशियन्स ऑफ द अर्थ’ या गाजलेल्या प्रदर्शनात त्यांची चित्रे लागली. आपले वारली चित्रकार जिव्या सोमा म्हसेही त्याच प्रदर्शनात होते. भोपाळच्या नव्या विधान भवनाच्या भिंतींवरही जनगढांचा हात फिरला. जुलै २००१ मध्ये जपानमध्ये एका संग्रहालयासाठी काम करत असताना त्यांनी जीवन संपवले, तेव्हा वयाची चाळिशी जेमतेम गाठलेली होती.

एवढ्या वीस वर्षांत त्यांनी काढलेल्या चित्रांचे मोल मोठे आहेच, पण या लेखापुरते त्याहून महत्त्वाचे आहे ते भोपाळच्या प्रोफेसर कॉलनीतले त्यांचे घर. पाटनगढहून भाऊबंद, भाचे-पुतणे तिथे येऊन राहू लागले. पुतणे भज्जू श्याम शहरात मिळेल ते काम करत होते, रात्रीची चौकीदारीही त्यांनी केली होती. त्यांना जनगढांनी हाताखाली घेतले. काका बाह्यरेषा काढणार आणि शिकाऊ हात तिच्या आतली जागा ठिपक्यांनी, तुटक रेघांनी, चंद्रकोरींनी भरणार, अशी कामाची वाटणी असे. हे भरणकाम या पद्धतीचा प्राण आहे. हरणाचे अंग, झाडाचे खोड, मोराचे पीस, सगळे एका लहानशा खुणेच्या हजारो आवृत्त्यांनी जिवंत होते. संगणकावरचा ठिपका चौकटीत बसवलेला असतो आणि हा ठिपका अंगाच्या वळणाने वाहतो, तेव्हा दिसण्यात दोघांचे साम्य फार नाही. साम्य आहे ते लहान एककातून मोठे जग रचण्यात, आणि ते एकक एका हातातून दुसऱ्या हातात जाण्यात. शिकाऊ माणूस काकांची खूण गिरवून तयार झाला की जनगढ त्याला सांगत, आता स्वतःची खूण शोध. म्हणून आज जाणकार माणूस सही न पाहताही भज्जू श्याम, वेंकट रमणसिंह श्याम आणि रामसिंह उर्वेती यांची चित्रे वेगळी ओळखतो. या पद्धतीला ‘जनगढ कलम’ हे नाव भोपाळचेच कवी उदयन वाजपेयी यांनी दिले. मराठीत कलम म्हणजे लेखणी, आणि झाडावर बांधतात तेही कलम. इथे दुसरा अर्थच अधिक नेमका लागतो. खोड एक आणि फांद्यांना फळ आपापले, अशी ही रचना आहे.

यावर पहिला आक्षेप अभ्यासकांकडून येतो, आणि तो हलका नाही. वैयक्तिक खूण, सही, नाव हे सारे बाजाराने आणि संग्रहालयाने आणले, असे ते म्हणतात. पाटनगढच्या भिंतींवर आणि अंगणांत स्त्रिया सारवलेल्या जागी छुई मातीने आणि गेरूने ‘डिगना’ ही नक्षी रेखाटत, त्याखाली कुणी सही करत नसे. गोंदण्याच्या ठिपक्यांवरही कुणाची मालकी नसे. हे खरे आहे. पण मालकी नव्हती म्हणजे नातेही नव्हते असे मात्र होत नाही. परधान हे गोंडांचे भाट. बाना हे तंतुवाद्य वाजवून ते बडादेव या गोंडांच्या मुख्य दैवताला जागवतात, यजमान घराण्याची वंशावळ आणि राजांच्या कथा गातात. कोणत्या परधान कुळाने कोणत्या गोंड घरांत गायचे हे पिढ्यान्‌पिढ्या ठरलेले असते, आणि त्या गाण्याच्या बदल्यात धान्य, वस्त्र, जनावर देणे हे यजमानाचे कर्तव्य असते. म्हणजे कथा सगळ्या समाजाची, पण ती कुणी कुठे गायची आणि तिच्याबद्दल कुणाचे देणे लागते, याचा हिशेब चोख होता. यजमानांची ऐपत आटली तसे बान्याचे बोल कमी झाले, आणि भोपाळमध्ये त्याच कथा रंगात उतरल्या. त्यामुळे वैयक्तिक खूण ही बाजारातून आणलेली परकी वस्तू आहे असे मला वाटत नाही. जुना हिशेब नव्या जागी मांडायला ती उपयोगी पडली. यजमान ओळखीचा असतो तोवर नावाची गरज नसते. चित्र अनोळखी गावात जाते तेव्हा ते नाव घेऊनच जावे लागते.

डिगन्याचेच पुढे काय झाले ते पाहण्यासारखे आहे. दुर्गाबाई व्याम लहानपणीच घरच्या बायकांकडून डिगना शिकल्या. भोपाळला आल्यावर त्यांनी आणि त्यांचे पती सुभाष व्याम यांनी बाबासाहेब आंबेडकरांच्या आयुष्यावरचे ‘भीमायन’ हे चित्रमय पुस्तक रेखाटले. श्रीविद्या नटराजन आणि एस. आनंद यांनी लिहिलेले हे पुस्तक २०११ मध्ये निघाले. माणसांना चौकोनी खोक्यांत कोंडायचे नाही, असे या दोघांनी ठरवले होते. मग पानाचे भाग पाडायला त्यांनी अंगणातला डिगना आणला. बोलणे दाखवण्याच्या फुग्यांतही त्यांनी स्वतःची भाषा घडवली: मायेचे बोल पक्ष्याच्या आकारात, विखारी बोलांना विंचवाची नांगी. महाडचे पाणी आणि बडोद्यातला अपमान सांगायला दिंडोरीच्या भिंतीवरची एक जुनी आकृती कामी आली, आणि त्यासाठी कुणाची परवानगी मागावी लागली नाही. सामाईक ठेवा मोकळा असण्याचा अर्थ हाच. मात्र विंचवाची नांगी असलेला तो फुगा उद्या दुसऱ्या कुणी उचलला, तर तो व्याम दांपत्याचा म्हणूनच उचलला पाहिजे. डिगना आणि हा फुगा यांतला फरक त्या कलमात वाढलेल्या माणसाला शिकवावा लागत नाही. बाहेरच्याला मात्र तो सांगावा लागतो.

आता मराठी घरातून येणारा आक्षेप. आपल्या दारातली ठिपक्यांची रांगोळी ही तर चौकटीत बसणाऱ्या ठिपकेचित्रांची थेट बहीण. पंधरा ठिपके पंधरा ओळी असा मांड मोजून घालायचा, वहीतून वहीत उतरवायचा, शेजारणीला द्यायचा. कुणाचे नाव नाही, आणि तरीही ती कला पिढ्यान्‌पिढ्या चालली. मग नावाचा अट्टहास का? उत्तर रांगोळीच्या वापरातच आहे. ती सकाळी उमटते, दिवसभरात पुसली जाते, विकली जात नाही. देणारी आणि घेणारी एकाच आळीतल्या, दोघींचे अंगण सारखे. आज घेतलेला नमुना उद्या दुसरा देऊन फिटतो. ही बरोबरी जिथे संपते तिथून नावाचा प्रश्न सुरू होतो. तोच नमुना कारखान्यात साडीवर छापून हजारोंनी विकला गेला, तर घेणारा परत काहीच देत नाही, आणि कुणाला द्यायचे हेही त्याला ठाऊक नसते. वारली चित्रांचे नेमके हेच झाले. चौक लिहिणाऱ्या सवाष्णींची आकृती कपांवर, पडद्यांवर, रेल्वे स्थानकांच्या भिंतींवर गेली आणि ती लिहिणारे हात वाटेतच सुटले.

कायद्याने या बाबतीत जे दिले आहे ते अर्धवट आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यानुसार चित्रावरचा हक्क चित्रकाराच्या हयातीनंतर साठ वर्षे राहतो, म्हणजे जनगढांची चित्रे २०६१ सालाच्या अखेरीपर्यंत त्यांच्या वारसांच्या हक्कात आहेत. त्याच कायद्याचे ५७ वे कलम चित्रकाराला हक्क विकल्यानंतरही कर्ता म्हणून ओळखले जाण्याचा अधिकार देते. पण हे संरक्षण एकेका चित्राला आहे. भरणाची खूण, म्हणजे या कलमाचा खरा गाभा, त्यात नीट बसत नाही. आणि नोंदणीयोग्य असूनही नोंदणी न केलेली एखादी नक्षी हक्कदाराने किंवा त्याच्या परवानगीने दुसऱ्या कुणी यंत्राने पन्नासहून अधिक वस्तूंवर उमटवली, की १५ व्या कलमानुसार तिच्यावरचा कॉपीराइट संपतो. उरले भौगोलिक मानांकन. वारली चित्रांना ते २०१४ मध्ये, मध्य प्रदेशच्या गोंड चित्रांना २०२३ मध्ये मिळाले. त्याने ‘गोंड चित्र’ हे नाव राखले जाते, पण नाव न सांगता आकृती उचलणाऱ्याला ते अडवत नाही. थोडक्यात, एका टोकाला एकट्याचा हक्क आणि दुसऱ्या टोकाला प्रदेशाचा शिक्का आहे. प्रोफेसर कॉलनीतल्या घरात जे घडले ते या दोन्हींच्या मधले आहे. खेळांसाठी चित्रे वाटणाऱ्यांनी मात्र नेमकी हीच मधली जागा लिखित करारात आणली. क्रिएटिव्ह कॉमन्सचे परवाने २००२ पासून आहेत, आणि त्यातला ‘नाव सांगा, तशाच अटींवर पुढे द्या’ हा परवाना वाचताना जनगढांच्या घरातली रीतच कुणी कायद्याच्या भाषेत उतरवली आहे असे वाटते.

याच मंडळींतून शेवटचा आणि सर्वांत अवघड आक्षेप येतो. नावाची अटही न घालता सर्वस्व सोडून देणारा ‘सीसी झिरो’ हा प्रकार २००९ पासून आहे. नेदरलँड्समधले केनी हे या प्रकारात हजारो चित्रे देतात आणि त्यावर नवशिक्यांचे कितीतरी खेळ उभे आहेत. तेव्हा अट न घालणेच अधिक उदार नव्हे का? केनींच्या औदार्याबद्दल मनापासून आदर वाटतो. पण ते देणाऱ्याने स्वतः ठरवून दिलेले आहे, आणि त्यांचे नाव त्यानंतरही सगळ्यांच्या तोंडी आहे. ‘ट्रायबल पॅटर्न’ म्हणून जी आकृत्यांची गाठोडी फिरतात, त्यांत डिगना आणि भरणाच्या खुणा ज्यांच्या आहेत त्यांना कुणी विचारलेलेच नसते. दुसऱ्याचे आपण परस्पर दान करणे याला औदार्य म्हणता येणार नाही. शिवाय नाव गळाले की नुकसान केवळ मानापमानाचे होत नाही, शिकण्याचेही होते. नाव नसलेल्या गाठोड्यात भज्जू श्यामांची खूण आणि उर्वेतींची खूण शेजारी-शेजारी पडतात आणि दोन्ही ‘आदिवासी नक्षी’ होऊन बसतात. मग नवा हात कुणाची खूण गिरवून तयार होणार आणि कुणापासून वेगळा होणार? मयंक आणि जपानी ही जनगढांची मुले वडिलांहून वेगळी चित्रे काढू शकली, कारण वडिलांचे काय आणि आपले काय हे त्यांना दिसत होते.

लिबरेटेड पिक्सेल कपच्या ठेव्यातून माणसे जुळवण्याचे एक साधन पुढे तयार झाले. त्यात केस एकाचे, अंगरखा दुसऱ्याचा, हातातली काठी तिसऱ्याची अशी आकृती बनवता येते, आणि शेवटी त्या सगळ्यांच्या नावांची यादी आपोआप सोबत मिळते. भारत भवन, श्यामला हिल्सवरचे इंदिरा गांधी राष्ट्रीय मानव संग्रहालय आणि २०१३ मध्ये उघडलेले जनजातीय संग्रहालय या तिन्ही संस्था भोपाळात एकमेकींच्या हाकेच्या अंतरावर आहेत, आणि या कलमाचे अनेक चित्रकार त्याच शहरात राहतात. कोणती खूण सर्वांची, कोणती कुणाची, आणि त्यातली कोणती खेळ करणाऱ्यांना मोकळी द्यायची, हे त्या चित्रकारांनी एकत्र बसून ठरवायचे आहे. संस्थांनी ती यादी जपायची आहे. तशी यादी झाली, तर पुण्यातल्या किंवा नागपुरातल्या एखाद्या मुलीने केलेल्या खेळात बडादेवाचे साजाचे झाड उभे राहील, आणि खेळ संपल्यावर नावे सरकू लागतील तेव्हा त्या झाडाच्या खोडातला ठिपका कुणाचा हेही तिथे लिहिलेले असेल.