भीमगीतं: जालना आणि मराठवाड्यात आवडती ‘गायन पार्टी’ चाहत्यांसाठी एवढी महत्त्वाची का असते?

एप्रिल महिना लागला की जालना जिल्ह्यात भोकरदनपासून मंठ्यापर्यंत गावोगावी निळे झेंडे आणि बॅनर दिसू लागतात. बॅनरवर बाबासाहेबांचा फोटो असतो, खाली जयंती उत्सव समितीच्या पोरांचे फोटो असतात आणि एका कोपऱ्यात ठळक अक्षरात एक ओळ असते, ‘भीमगीतांचा जंगी कार्यक्रम’. त्या ओळीखाली कोणत्या गायकाचं नाव आहे, यावर आजूबाजूच्या चार गावांतून किती माणसं येणार हे ठरतं.

जगभरात रॉक बँडचे कट्टर चाहते असतात. ते बँडच्या मागे शहरोशहरी फिरतात, गाणी तोंडपाठ करतात, अंगावर बँडचं नाव गोंदवून घेतात. मराठवाड्यात असा चाहता बघायचा असेल तर भीमगीतांच्या गायन पार्टीसमोर बसलेल्या माणसाकडे बघावं लागेल. मात्र या चाहत्याचं गाण्याशी असलेलं नातं फक्त करमणुकीचं नाही. ते काय आहे, हे समजून घेऊ.

भीमगीत म्हणजे काय आणि ते आलं कुठून?

डॉ. बाबासाहेब आंबेडकरांचं जीवन, त्यांचे विचार, बुद्ध, रमाई आणि जातीविरोधी लढा यांवर रचलेल्या गाण्यांना सर्वसाधारणपणे भीमगीतं म्हणतात. या गाण्यांचं मूळ जलशात आहे.

महात्मा फुले यांनी १८७३ मध्ये सत्यशोधक समाज स्थापन केला. पुढे या चळवळीतून सत्यशोधक जलसे उभे राहिले. तमाशाचा साचा लोकांच्या ओळखीचा होता. तोच साचा घ्यायचा आणि त्यात समाजसुधारणेचा आशय भरायचा, अशी ती पद्धत होती. १९२७ च्या महाड सत्याग्रहानंतरच्या काळात आंबेडकरी जलसे सुरू झाले. नाशिक भागातले भीमराव कर्डक हे त्यातलं महत्त्वाचं नाव. ज्यांना वाचता येत नव्हतं, ज्यांच्या गावात वर्तमानपत्र पोहोचत नव्हतं, त्यांच्यापर्यंत चळवळ जलशातून पोहोचली.

१४ ऑक्टोबर १९५६ रोजी नागपुरात बाबासाहेबांनी बौद्ध धम्माची दीक्षा घेतली आणि ६ डिसेंबर १९५६ रोजी त्यांचं महापरिनिर्वाण झालं. लाखो लोकांनी जुने देव, जुने सण सोडले होते. मग लग्नात काय गायचं, बारशाला काय गायचं, उत्सवात काय गायचं? ती जागा भीमगीतांनी आणि बुद्धगीतांनी भरून काढली. २०११ च्या जनगणनेनुसार देशातल्या सुमारे ८४ लाख बौद्धांपैकी ६५ लाखांहून अधिक महाराष्ट्रात आहेत. या गाण्यांचा श्रोता किती मोठा आहे, याचा अंदाज यावरून येतो.

गायन पार्टी कशी चालते?

मुख्य गायक किंवा गायिका, दोन-तीन कोरसवाले, हार्मोनियम, ढोलकी, तबला आणि बँजो ही जुनी मांडणी. आता त्यात कीबोर्ड आणि ऑक्टोपॅडही आले आहेत. सुरुवातीला त्रिशरण-पंचशील आणि वंदना होते, मग गाणी. मधूनमधून गायक गाण्याचा संदर्भ सांगतो. महाडचं तळं, काळाराम मंदिर, पुणे करार, राज्यघटना हे सगळं निवेदनात येतं.

सगळ्यात रंगतो तो ‘सामना’. दोन पार्ट्या समोरासमोर बसतात. एकीने गाण्यातून प्रश्न टाकायचा, दुसरीने गाण्यातूनच उत्तर द्यायचं. कव्वालीच्या मुकाबल्याशी याचं जवळचं नातं आहे. इतिहासाची पक्की माहिती नसेल तर गायक इथे उघडा पडतो, आणि श्रोते ते लगेच ओळखतात.

फर्माईश आणि बक्षीस हा या कार्यक्रमाचा प्राण. एखाद्या कडव्यावर श्रोता उठतो, मंचाजवळ जातो आणि नोट देतो. गायक माइकवर त्याचं आणि त्याच्या गावाचं नाव घेतो. रक्कम दहा रुपये असो की पाचशे, नाव घेतलंच जातं. ज्या समाजाच्या आधीच्या पिढ्यांना गावात नावाने नव्हे तर जातीने हाक मारली गेली, तिथे भरसभेत आदराने नाव घेतलं जाण्याचा अर्थ वेगळा असतो.

जयंती १४ एप्रिललाच संपत नाही, हेही लक्षात घ्यायला हवं. गायक आणि वाजवणारे मोजके, गावं अनेक. त्यामुळे तारखा वाटून घेतल्या जातात आणि अनेक गावांत जयंती महिनाभर मागेपुढे साजरी होते. साहजिकच पक्का चाहता एकाच गायकाला एका मोसमात तीन-चार गावांत ऐकू शकतो.

चाहते नेमके कुणाचे?

या परंपरेत सगळ्यात आदराने घेतलं जाणारं नाव वामनदादा कर्डक यांचं. १५ ऑगस्ट १९२२ रोजी नाशिक जिल्ह्यातल्या सिन्नर तालुक्यातील देशवंडी गावात त्यांचा जन्म झाला. मुंबईत कामासाठी आल्यावर, मोठेपणी त्यांना अक्षरओळख झाली. पुढे त्यांनी हजारो गीतं लिहिली आणि गावोगाव फिरून गायली. १५ मे २००४ रोजी त्यांचं निधन झालं. मराठवाड्यातले अनेक गायक आजही कार्यक्रमात त्यांची रचना गाताना आधी त्यांचं नाव घेतात. वामनदादांचा चाहता प्रामुख्याने शब्दांचा चाहता असतो. कडव्यात एक शब्द इकडचा तिकडे झाला तरी तो गायकाला टोकतो.

दुसरं नाव शिंदे घराण्याचं. प्रल्हाद शिंदे यांच्या आवाजातली विठ्ठलाची गाणी आणि भीमगीतं दोन्ही घराघरांत पोहोचली. त्यांची मुलं आनंद आणि मिलिंद शिंदे यांनी कॅसेटचा जमाना गाजवला. नातू आदर्श शिंदे यांचा आवाज सिनेमा, मालिका आणि यूट्यूबमधून नव्या पिढीकडे गेला. एकाच घरात आजोबा, वडील आणि नातू अशा तिघांचे तीन आवडते ‘शिंदे’ असणं मराठवाड्यात नवलाचं नाही.

शाहीर विठ्ठल उमप यांनी लोककलेचा मोठा बाज या गाण्यांना दिला. नोव्हेंबर २०१० मध्ये नागपुरात कार्यक्रमाच्या मंचावरच ते कोसळले आणि त्यांचं निधन झालं.

अलीकडच्या काळात छत्रपती संभाजीनगरच्या कडूबाई खरात यांची एकतारी मोबाइलवर पोहोचली. घरोघरी फिरून गाणाऱ्या या गायिकेचे व्हिडिओ लाखो लोकांनी पाहिले. त्यांच्यामागे ना ऑर्केस्ट्रा आहे, ना मोठी कंपनी. आपल्याच घरातली बाई गातेय असं वाटणं, हेच त्यांच्या लोकप्रियतेचं मोठं कारण म्हणावं लागेल.

बायका या परंपरेत फक्त श्रोत्या कधीच नव्हत्या. हेमा राईरकर आणि गी पॉइटवँ यांनी महाराष्ट्रातल्या गावांमधून जात्यावरच्या एक लाखाहून अधिक ओव्या गोळा केल्या. त्यात बीड जिल्ह्यातल्या माजलगावच्या बायकांनी बाबासाहेबांवर रचलेल्या ओव्याही आहेत. म्हणजे मंच नसतानाही गाणं होतंच, ते पहाटे जात्यावर चाललं होतं.

मराठवाड्यात ही गाणी वेगळ्या कानांनी का ऐकली जातात?

जालना हा जिल्हा १ मे १९८१ रोजी अस्तित्वात आला. त्याआधी त्याचा बहुतेक भाग औरंगाबाद जिल्ह्यात होता आणि १९४८ पर्यंत हा सगळा मुलूख निजामाच्या राज्यात होता. उच्च शिक्षणाची सोय इथे फारच तोकडी होती. १९५० मध्ये बाबासाहेबांच्या पीपल्स एज्युकेशन सोसायटीने औरंगाबादेत कॉलेज सुरू केलं, तेच पुढे मिलिंद महाविद्यालय म्हणून ओळखलं गेलं. आसपासच्या खेड्यांतली अनेक घरांमधली पहिली पदवी या परिसरातून आली.

मग नामांतराचा लढा आला. २७ जुलै १९७८ रोजी विधिमंडळाने मराठवाडा विद्यापीठाला बाबासाहेबांचं नाव देण्याचा ठराव केला. त्यानंतर मराठवाड्यात दलित वस्त्यांवर हल्ले झाले, घरं जाळली गेली. नांदेड जिल्ह्यातल्या टेंभुर्णीत पोचीराम कांबळे यांची हत्या झाली. तब्बल साडेपंधरा वर्षांनी, १४ जानेवारी १९९४ रोजी नामविस्तार होऊन ‘डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठ’ हे नाव लागलं.

जालना जिल्ह्यातली महाविद्यालयं याच विद्यापीठाशी संलग्न आहेत. त्यामुळे जालन्यातल्या पदवीधराच्या प्रमाणपत्रावर जे नाव छापलेलं असतं, त्यासाठी काय सोसावं लागलं हे त्याला अनेकदा आधी गाण्यातून कळलेलं असतं. दरवर्षी १४ जानेवारीला विद्यापीठाच्या गेटवर गर्दी होते, तेव्हा तिथेही भीमगीतं वाजतातच. या लढ्याची आठवण पुस्तकांपेक्षा गाण्यांनी जास्त घरांत नेली.

गाणं ऐकण्याची किंमतही मोजावी लागते का?

होय, आणि म्हणूनच हा विषय नुसत्या आवडीनिवडीचा राहत नाही. मे २०१५ मध्ये शिर्डीत एका दलित तरुणाची हत्या झाली. मोबाइलवर वाजलेल्या भीमगीताच्या रिंगटोनवरून वाद झाल्याची तक्रार नोंदवली गेली आणि राज्यभर त्याचे पडसाद उमटले. जून २०२३ मध्ये नांदेड जिल्ह्यातल्या बोंढार हवेली गावात एका तरुणाचा खून झाला. गावात आंबेडकर जयंती साजरी केल्याचा राग त्यामागे असल्याचा आरोप कुटुंबाने केला.

गाण्याशी जगणं किती बांधलेलं असतं, याचं आणखी एक उदाहरण मुंबईतलं आहे. ११ जुलै १९९७ रोजी घाटकोपरच्या रमाबाई आंबेडकर नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा जणांचा मृत्यू झाला. त्यानंतर काही दिवसांतच शाहीर विलास घोगरे यांनी आत्महत्या केली. आनंद पटवर्धन यांचा ‘जय भीम कॉम्रेड’ हा माहितीपट याच घटनेपासून सुरू होतो आणि आंबेडकरी गाण्यांचा मागोवा घेतो.

या पार्श्वभूमीवर एखाद्या पोराने भीमगीताची रिंगटोन ठेवणं किंवा ट्रॅक्टरवर मोठ्याने ते गाणं लावणं, याचा अर्थ समजतो. आपण इथे आहोत आणि लपून राहणार नाही, हे तो त्यातून सांगत असतो.

जगातल्या चाहत्यांशी याचं काही साम्य आहे का?

बरंच आहे. अमेरिकेतल्या ‘ग्रेटफुल डेड’ या रॉक बँडचे चाहते ‘डेडहेड्स’ म्हणून ओळखले जायचे. १९६५ ते १९९५ या काळात ते बँडमागे गावोगाव फिरले, कार्यक्रमांच्या टेप करून एकमेकांत वाटल्या. मराठवाड्यातही गायन पार्टीसमोर आधी टेपरेकॉर्डर आणि नंतर मोबाइल ठेवून गाणी साठवली गेली.

जमैकाचे बॉब मार्ली यांच्याशी साम्य आणखी जवळचं आहे. गुलामीचा इतिहास असलेल्या समाजाला त्यांच्या रेगे संगीताने अभिमानाची भाषा दिली. एप्रिल १९८० मध्ये झिम्बाब्वे स्वतंत्र झाला, त्या सोहळ्यात मार्ली गायले होते.

भारतातही अशी उदाहरणं आहेत. चेन्नईत दिग्दर्शक पा. रंजित यांच्या पुढाकाराने उभ्या राहिलेल्या ‘द कास्टलेस कलेक्टिव्ह’ने जानेवारी २०१८ मध्ये पहिला कार्यक्रम केला. गाना, रॅप आणि रॉक यांची सांगड घालत हा बँड जातीवर थेट बोलतो. पंजाबच्या गिन्नी माही यांनी बाबासाहेब आणि संत रविदास यांच्यावर पॉप ढंगात गाणी गायली. महाराष्ट्रात कबीर शाक्य यांच्या ‘धम्म विंग्ज’ने गिटार आणि ड्रम्स घेऊन बुद्ध-आंबेडकरांची गाणी रॉकमध्ये आणली.

फरक एवढाच की रॉकचा चाहता बहुतेकदा घरच्यांपासून वेगळं काहीतरी शोधत बँडकडे जातो. भीमगीतांचा चाहता घरच्यांसोबतच, अनेकदा आईच्या मांडीवर बसून पहिला कार्यक्रम ऐकतो.

डीजे आला, गायन पार्टीचं काय?

गेल्या काही वर्षांत जयंतीच्या मिरवणुकीत डीजेचं प्रमाण वाढलं आहे. जुन्या भीमगीतांचे रिमिक्स वाजतात आणि तरुण त्यावर नाचतात. यावर समाजातच दोन मतं आहेत. डीजेच्या दणक्यात शब्द ऐकू येत नाहीत आणि वर्गणीचा पैसा साउंड सिस्टिमवर जातो, तोच पुस्तकांवर किंवा गायकांवर खर्च व्हावा, असं एक मत. वर्षानुवर्षं ज्या रस्त्यावर मान खाली घालून चालावं लागलं, तिथे वर्षातून एकदा मोकळेपणाने नाचलो तर बिघडलं कुठे, हे दुसरं मत.

कायद्याचं बंधन मात्र दोघांनाही आहे. २००० च्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर लाउडस्पीकर लावता येत नाही. सण-उत्सवांसाठी वर्षातून जास्तीत जास्त १५ दिवस ही वेळ रात्री १२ पर्यंत वाढवता येते. निवासी भागात दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा आहे. रात्रभर चालणारे सामने यामुळे आता होत नाहीत. अनेक पार्ट्या कार्यक्रम लवकर सुरू करतात, लहान ठेवतात आणि यूट्यूबवरही टाकतात.

कॅसेट गेली, सीडी गेली, आता गाणं मोबाइलवर आहे. गायकांना मात्र यूट्यूबवरच्या लाखो व्ह्यूजपेक्षा गावातल्या सुपारीवरच घर चालवावं लागतं, कारण रिमिक्स आणि पुन्हा अपलोड केलेल्या व्हिडिओंचा पैसा मूळ गायकापर्यंत पोहोचेलच असं नाही. त्यामुळे पुढच्या एप्रिलमध्ये एखादं गाव वर्गणी काढून डीजेऐवजी गायन पार्टी बोलावतं, तेव्हा एका कलावंताचं वर्ष निभतं. समोर बसलेल्या पोराला महाडच्या तळ्याची गोष्टही त्याच रात्री पहिल्यांदा कळते.