ह्वा (चिनी अक्षर)

ह्वा : फूल, बहर, शोभा आणि चीन देश असे अर्थ असलेले चिनी अक्षर. सोलापूरचे डॉ. द्वारकानाथ कोटणीस (1910–1942) यांच्या चिनी नावाच्या शेवटी ते येते : ख ती-ह्वा.

मूळ अर्थ फुलाचाच. प्राचीन कांस्यभांड्यांवरील रूपात बहरलेले झाड दिसते. पुढे त्याच्या माथ्यावर गवताची खूण चढली. इ. स. 100 च्या सुमारास शू शेन याने रचलेल्या कोशात त्याचा अर्थ ‘बहर’ असा दिला आहे. नंतर फुलासाठी वेगळे अक्षर रुळले आणि या जुन्या अक्षराकडे शोभा, वैभव हे अर्थ राहिले. सद्धर्मपुंडरीक सूत्राच्या ‘फा-ह्वा’ या चिनी नावात मात्र फूल अजून टिकून आहे. 1956 मध्ये अक्षर सोपे केले गेले. आता ते सहा फटकाऱ्यांत लिहितात : वर डावीकडे उभा माणूस, उजवीकडे मुळात उलटा असलेला माणूस, खाली अधिकचिन्हासारखी फुली. फांदी गेली, उच्चार राहिला.

‘त्सो च्वान’ या इतिवृत्तात ह्वा म्हणजे परक्यांहून वेगळे असे आपले लोक. सातव्या शतकातील भाष्यकार खोंग यिंगदा याने त्याचे कारण वस्त्रांची शोभा असे सांगितले. चिंचपाड्याच्या नावात जशी चिंच, तसे चीनच्या ‘चोंगह्वा’ या नावात हे फूल आहे.

1938 मध्ये कोटणीसांसह चीनला गेलेल्या भारतीय वैद्यकीय पथकातील पाचही डॉक्टरांनी आपल्या चिनी नावांना हे अक्षर जोडले. त्यांत नागपूरचे डॉ. चोळकरही होते. कोटणीसांच्या नावाची गोडी मात्र आणखी खोल आहे. ‘ख’ म्हणजे फांदी, ‘ती’ हे एक फुलझाड. ‘श चिंग’ या प्राचीन काव्यसंग्रहात त्या झाडाच्या फुलांवरून भावाभावांच्या मायेची कविता सुरू होते, आणि तेव्हापासून ‘ती-ह्वा’ म्हणजे सख्खे भाऊ असा संकेत रूढ आहे. अक्षरे उच्चारावरून निवडलेली असली, तरी परमुलखात जखमी सैनिकांवर शस्त्रक्रिया करत राहिलेल्या माणसाला याहून शोभणारे नाव सापडले नसते.

ऑगस्ट 1942 मध्ये त्यांना मुलगा झाला. त्याचे नाव इन-ह्वा. ‘इन’ म्हणजे भारत. 9 डिसेंबरला कोटणीस गेले, तेव्हा तो चार महिन्यांचाही नव्हता.