‘जीए’च्या पोटातलं कुबड

नाशिक-सांगलीच्या द्राक्षपट्ट्यात ऑक्टोबर छाटणीनंतर ‘जीए’ हा शब्द सारखा कानावर पडतो. ‘जीएचं डिपिंग झालं का?’ ही तिथली रोजची विचारपूस. मणी फुगवणारं संप्रेरक बियांत तयार होतं. थॉमसन किंवा तास-ए-गणेशच्या मण्यात बी पूर्ण वाढतच नाही, म्हणून ते बाहेरून द्यावं लागतं आणि घड द्रावणात बुडवले जातात. जीए म्हणजे जिबरेलिक ॲसिड. हे आम्ल कारखान्यातही बुरशी वाढवूनच काढतात, आणि त्याचं नावही बुरशीवरूनच आलं आहे.

लॅटिनमध्ये ‘जिबर’ म्हणजे कुबड. त्याला लघुत्वाचा प्रत्यय लावून इटालियन कवकतज्ज्ञ साकार्दो यांनी १८७७ मध्ये बुरशीच्या एका प्रजातीला ‘जिबरेला’ हे नाव दिलं. याच प्रजातीतली एक बुरशी जपानी शेतकरी मात्र तिच्या करणीवरून ओळखत. तिनं धरलेलं भाताचं रोप भोवतालच्या रोपांच्या वर डोकं काढतं. पण फिकट, किडकिडीत राहतं आणि पुष्कळदा दाणा न भरताच मरतं. त्या रोगाला ते ‘बाकानाए’ म्हणत, म्हणजे खुळं रोप.

हा खुळेपणा येतो कुठून, ते १९२६ मध्ये तैवानात एइइची कुरोसावा यांनी दाखवलं. ज्या द्रवात बुरशी वाढवली, तो गाळून बुरशी काढून टाकली, तरी नुसत्या द्रवानं निरोगी रोपं तशीच उंच होत होती. १९३५ मध्ये तेइजिरो याबुता यांनी त्या द्रव्याला बुरशीवरूनच ‘जिबरेलिन’ म्हटलं. जिबरेलिक ॲसिड हे त्याच कुळातलं.

बुरशीच्या वाट्याला असा मान नेहमीच येत नाही. ‘सायट्रिक’मध्ये लिंबूवर्गाचं ‘सिट्रस’ हे लॅटिन नाव आहे, आणि आपणही लिंबूसत्त्वच म्हणतो. रसायनशास्त्रज्ञ शेले यांनी १७८४ मध्ये ते लिंबाच्या रसातून वेगळं केलं होतं, म्हणून. पण १९१७ मध्ये जेम्स करी यांनी ॲस्परजिलस नायजर या काळ्या बुरशीकडून ते साखरेच्या द्रावणात भरपूर मिळवून दाखवलं, आणि आज बाजारातलं जवळजवळ सगळं लिंबूसत्त्व बुरशीच घडवते. फ्युमॅरिक आम्ल रायझोपस बुरशी मुबलक बनवते, तरी त्याच्या नावात फ्युमारिया ही वनस्पतीच आहे. ही आम्लं आधी झाडांत सापडली. बुरशीचं कर्तृत्व कळलं, तोवर बारसं उरकलं होतं.

जिबरेलिनच्या बाबतीत क्रम उलटा झाला. ते आधी बुरशीत सापडलं आणि १९५० च्या दशकात घेवड्याच्या कोवळ्या बियांत मिळालं, तेव्हा कळलं की वनस्पती ते स्वतःही बनवतात. त्यांच्या या स्वतःच्या संप्रेरकाला मग बुरशीचंच नाव लागलं. पुढे वर्गीकरण बदललं आणि ती बुरशी आता ‘फ्युझेरियम’मध्ये गणली जाते. तिचं जुनं नाव आम्लानं मात्र सोडलेलं नाही.