बिनतारी जगातील कुजबूज

१९२१ सालच्या डिसेंबर महिन्यात स्कॉटलंडच्या पश्चिम किनाऱ्यावर, आर्ड्रोसन गावाबाहेरच्या एका ओल्या शेतात तंबू ठोकलेला होता. त्या तंबूत पॉल गॉडली नावाचे एक अमेरिकन गृहस्थ कानांना हेडफोन लावून रात्रीमागून रात्री बसून असत. बाहेर समुद्रावरचा वारा आणि पाऊस. अमेरिकेतील हौशी बिनतारी प्रेषकांच्या संघटनेने त्यांना मुद्दाम जहाजाने तिकडे धाडले होते आणि त्यांचे काम एकच होते: अटलांटिकपलीकडून आपल्या बांधवांचे क्षीण संकेत ऐकू येतात किंवा नाही, ते पाहणे. त्याच वर्षी फेब्रुवारीत झालेला असा पहिला प्रयत्न साफ फसला होता. या खेपेस मात्र कनेक्टिकट राज्यातील ग्रिनिच येथून सुमारे २३० मीटर लांबीच्या लहरींवर निघालेले संकेत तंबूपर्यंत पोहोचले, आणि एका रात्री तर अख्खा निरोप गॉडलींना उतरून घेता आला.

या घटनेचे मोल कळण्यासाठी नऊ वर्षे मागे जावे लागते. १९१२ साली अमेरिकेत बिनतारीविषयी जो कायदा झाला, त्याने हौशी मंडळींना दोनशे मीटर आणि त्याहून आखूड लहरींवर नेऊन बसविले. आखूड लहरी दूरवर जातच नाहीत, अशी तेव्हाच्या जाणत्यांची समजूत होती; म्हणजे गावाबाहेरची खडकाळ जमीन उदारपणे इनाम द्यावी, तसाच हा प्रकार. पुढे १९२३ च्या नोव्हेंबरात फ्रान्समधील नीस येथील लेआँ देल्वा आणि अमेरिकेतील फ्रेड श्नेल यांनी सुमारे ११० मीटरवर समुद्रापलीकडे परस्परांशी संभाषण केले, आणि त्या खडकाळ जमिनीतच सोने दडलेले आहे हे सर्वांना कळून चुकले. मग साम्राज्ये आली, नभोवाणी केंद्रे आली, लष्करे आली. हे नेहमीचेच.

परंतु माझा आजचा विषय संभाषणाचा नव्हे, ऐकण्याचा आहे. तंबूत बसलेल्या गॉडलींना कोणाशी बोलावयाचे नव्हते. लहर कोठवर जाते एवढेच त्यांना पाहावयाचे होते. हौशी रेडिओच्या व्यवसायात (व्यवसाय म्हणावे की व्यसन, हे घरच्या माणसांना विचारावे) ही ऐकण्याची शाखा पहिल्यापासून आहे. 'बीकन' म्हणजे बिनतारी दीपस्तंभ, हे तिचे मुख्य साधन. दीपस्तंभ कोणाला हाक मारीत नाही आणि उत्तराची वाटही पाहत नाही. तो ठरलेल्या वेळी, ठरलेल्या लहरीवर आपले नाव उच्चारतो. ज्याला ते ऐकू येईल त्याने समजावे की, त्या घटकेला आपल्यामधील वाट मोकळी आहे. वाट मोकळी असणे वा नसणे हे शंभर ते तीनशे किलोमीटर उंचीवरील आयनांबराच्या मर्जीवर, आणि आयनांबर सूर्याच्या मर्जीवर अवलंबून.

असा एक दीपस्तंभ १९७९ साली कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड विद्यापीठातून १४.१ मेगाहर्ट्झवर सुरू झाला. नंतरच्या दोन दशकांत त्याचे जगभर पसरलेल्या अठरा केंद्रांचे जाळे बनले. प्रत्येकाच्या वाट्याला दहा सेकंद येतात आणि तीन मिनिटांत एक फेरी पुरी होते. केंद्र प्रथम मोर्स लिपीत आपले नाव सांगते. मग चार लांब स्वर येतात: पहिला शंभर वॉट शक्तीचा, दुसरा दहाचा, तिसरा एकाचा, चौथा एकदशांशाचा. चौथा स्वर ऐकू आला की, जाणकार खुशीत येतो. यांपैकी आपल्याला सर्वांत जवळचे केंद्र श्रीलंकेत आहे.

२००८ साली या दीपस्तंभांना एक विलक्षण भावंड मिळाले. प्रिन्स्टनचे ज्योतिर्विद जोसेफ टेलर यांनी रसेल हल्स यांच्यासह १९७४ साली दोन ताऱ्यांच्या जोडीतील पल्सार शोधून काढला होता. त्याबद्दल उभयतांना १९९३ चे नोबेल पारितोषिक मिळाले. पल्सारचे स्पंद गोंगाटात इतके बुडालेले असतात की, ते हुडकून काढण्यासाठी कानापेक्षा गणिताचाच आधार घ्यावा लागतो. आपल्याकडे नारायणगावाजवळ खोडद येथील प्रचंड दुर्बिणीत हेच चालते. टेलर लहानपणापासून हौशी प्रेषक. ताऱ्यांसाठी लागणारी दृष्टी त्यांनी आपल्या छंदाकडे वळविली आणि एक संकेतपद्धती सिद्ध केली. तिच्या इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांचा उच्चार 'व्हिस्पर' असा होतो. व्हिस्पर म्हणजे कुजबूज.

या कुजबुजीत प्रत्येक केंद्र तीनच गोष्टी सांगते: आपले नाव, आपला नकाशावरील चौकोन आणि आपल्या प्रक्षेपकाची शक्ती. सारा मजकूर अवघा पन्नास बिटांचा. पण तो सांगावयास जवळजवळ एकशे अकरा सेकंद लागतात. दर सम मिनिटाच्या आरंभी प्रक्षेपण सुरू होते, म्हणून सर्वांची घड्याळे जुळलेली असावी लागतात. चार स्वर वापरले जातात, परंतु ते परस्परांच्या इतके निकट असतात की, सगळे मिळून सहा हर्ट्झची जागा व्यापतात. कानाला तो एकच अस्पष्ट सूर वाटतो. बहुधा तोही ऐकू येत नाही. एरवीच्या रुंद ग्राहकपट्ट्यात मोजलेल्या गोंगाटाच्या सहाशेव्या हिश्शाएवढाच संकेत असला, तरी संगणक त्यातून नाव वाचून काढतो. यात जादू नाही. सावकाश बोलावे, थोडे बोलावे, तेच अनेक रीतींनी पुन्हा सांगावे, म्हणजे बाजाराच्या गलक्यातही समोरच्यास कळते, एवढेच हे तत्त्व आहे. विजेरीच्या दिव्याहूनही कमी शक्तीवर, एका वॉटच्या पाचव्या हिश्शात, हे संकेत महासागर ओलांडतात. ज्याला ते ऐकू येतात त्याचे यंत्र ती नोंद आपण होऊन एका सामायिक नोंदवहीत घालते.

आता प्रश्न असा की, या कुजबुजीची गोडी ओसरत चालली आहे काय? तसे म्हणणारे पुष्कळ आहेत, आणि त्यांचे म्हणणे अगदीच निराधार नाही. २०१७ साली टेलर आणि स्टीव्हन फ्रँके यांनीच 'एफटी-आठ' ही दुसरी पद्धती दिली. तिच्यात पंधरापंधरा सेकंदांच्या पाळ्यांनी दुतर्फा संपर्क होतो, आणि लहरींची वाट कोठे मोकळी आहे हेही ओघाने कळते. ज्याला संपर्क मोजण्याची हौस, तो एकतर्फी कुजबुजीत कशाला रमेल? नव्याची नवलाई संपली, हेही खरे. दोनशे मिलिवॉटवर ऑस्ट्रेलिया गाठल्याचा आनंद पहिल्या दिवशी जेवढा असतो, तेवढा शंभराव्या दिवशी राहत नाही.

तरीही मला हे निदान अपुरे वाटते. कुजबुजीचा जन्म २००८ सालचा आहे. त्या वर्षी दोनशे सहासष्ट दिवस सूर्यबिंबावर एकही डाग नव्हता. उंच कंप्रतेचे पट्टे मुके झाले होते, साध्या आवाजाने कोठे पोहोचता येत नव्हते, आणि अशा दुष्काळातच क्षीण संकेतांची विद्या फोफावली. एफटी-आठही सूर्य मंदावत असतानाच आले. उलटपक्षी, डिसेंबर २०१९ मध्ये आरंभ झालेले पंचविसावे सौरचक्र २०२४ च्या सुमारास ऐन भरात आले, तेव्हा थोड्याशा शक्तीत जगाच्या पाठीवर कोठेही सरळ बोलता येऊ लागले. सुकाळात कोणी कंदमुळे उकरीत नाही. म्हणून आजच्या उदासीनतेवरून निकाल देणे घाईचे होईल. पुढील सौरमंदी २०३० च्या आसपास अपेक्षित आहे, खरी कसोटी तेव्हा.

शिवाय नोंदवही पाहावी तर ती रोडावलेली दिसत नाही. दिवसाला काही दशलक्ष नोंदी तिच्यात पडतात. बदल झाला आहे तो नोंदवणाऱ्यांत. पूर्वी यंत्रापाशी माणूस असे. आता छपरावर एरियल, कोपऱ्यात पेटीएवढा ग्राहक, आणि मालक दुसऱ्या गावी. कागदपत्रांत आयुष्य गेलेल्या माझ्यासारख्याला हे ओळखीचे वाटते: नोंदी वाढल्या म्हणून नोंद वाचणारे वाढले असे होत नाही. जिला ओहोटी लागली असेल, ती एका माणसाच्या जागरणाला.

वाचणारे अगदी नाहीत असेही नाही. अमेरिकेतील २०१७ आणि २०२४ च्या सूर्यग्रहणांत, चंद्राची सावली सरकत असता आयनांबर कसे बदलते, हे हौशी मंडळींच्या स्वयंचलित नोंदींवरून अभ्यासिले गेले. काही ग्रॅम वजनाची यंत्रे फुग्यांना बांधून सोडली जातात. ती सूर्यप्रकाशावर चालत, कुजबुजत पृथ्वीप्रदक्षिणा करतात. याच नोंदवहीतून मार्च २०१४ मध्ये नाहीसे झालेले मलेशियाचे विमान शोधता येईल, असाही दावा कोणी केला. खुद्द टेलर यांनी तो मानला नाही. ज्या कामासाठी दप्तर ठेवले नाही ते त्याच्याकडून वदवून घेण्याचा मोह जुनाच आहे.

आपल्या देशाचा यात विशेष संबंध आहे. चुंबकीय विषुववृत्त भारताच्या दक्षिण टोकावरून जाते. थुंबा येथे १९६३ साली अग्निबाण सोडण्याचे केंद्र निघाले, त्याचे कारण हेच. विषुववृत्ताशी वर उचललेले आयन मध्य भारताच्या माथ्यावर येऊन दाटतात. त्यामुळे सूर्यास्तानंतर आपल्याकडील संकेत जसे थरथरतात, तसे युरोपात थरथरत नाहीत. शिशिरकुमार मित्र यांनी कलकत्त्यास ज्या वातावरणाच्या अभ्यासात हयात वेचली, त्याची रोजची नोंद आज कोणीही हौशी माणूस घरबसल्या ठेवू शकतो. पण नोंदवहीच्या नकाशावर युरोप आणि अमेरिका टिंबांनी काळ्याकुट्ट झालेल्या दिसतात, आणि आपल्या उपखंडात टिंबे शोधावी लागतात. गोडी ओसरली काय, या प्रश्नाआधी येथे ती पुरती लागली होती काय, हेच विचारावे लागेल.

मी स्वतः केवळ श्रोता आहे. दिल्लीत सरकारी निवासस्थानाच्या गच्चीवर एक तार ताणली आहे, इतकीच माझी वेधशाळा. शहरात खरा वैरी सूर्य नव्हे, शेजार; प्रत्येक घरातील दिव्यांचे, चार्जरांचे आणि लिफ्टांचे विद्युत्-खरखरीचे धुके लघुलहरींवर पसरलेले असते. एरवी रात्री दोन मिनिटांच्या फेरीत माझ्या यादीत चारपाच नावे येतात. मागच्या उन्हाळ्यात एकदा वस्तीची वीज तासभर गेली. माझे यंत्र विजेरीवर चालले होते. खिडकीबाहेर लोक विजेच्या नावाने त्रागा करीत होते, आणि इकडे यादी वाढत वाढत एकवीस नावांवर गेली. त्यांत तीन ऑस्ट्रेलियाची होती. पत्नीने अंधारात विचारले, "एवढे काय पाहता?" मी उत्तर देण्यापूर्वीच दिवे आले.